आकाशातून गॅसगळतीचा शोध : एका दाव्याची पारख

जमिनीखालच्या पाइपलाइनमधून गळणारा नैसर्गिक वायू हेलिकॉप्टरमधून, विमानातून किंवा उपग्रहावरून शोधता येतो, ही माहिती आता नवी राहिलेली नाही. विज्ञानविषयक लेखांत आणि शाळेत दाखवल्या जाणाऱ्या चित्रफितींत ती वारंवार येते. चित्र बहुधा एकाच ठशाचे असते. खाली हिरवी शेते, वर हेलिकॉप्टर, त्यातून निघालेला लाल किरण आणि जमिनीतून वर येणारा लालपिवळा ढग. सोबतच्या मजकुराचा सूर असा, की आता गळती लपून राहूच शकत नाही.

या सादरीकरणाची पारख करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तंत्र खोटे आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते खरे आहे, उपयोगी आहे आणि त्यामागचे भौतिकशास्त्र नववी-दहावीच्या मुलांना समजावून देण्याजोगे आहे. आमचा आक्षेप आहे तो एका निष्कर्षाला. 'गळती सापडली नाही' या वाक्याचा अर्थ 'गळती नाही' असा करून दिला जातो. वर्गात हा फरक अर्ध्या गुणाचा वाटेल. पाइपलाइनशेजारी राहणाऱ्या माणसासाठी तो जिवाचा आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचाही नाही. मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला आणि पुढे तिथला वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनने उरणला येऊ लागला. दाभोळहून कोल्हापूर-बेळगावमार्गे बंगळुरूला जाणारी पाइपलाइन २०१३ साली सुरू झाली. मुंबई-नागपूर-झारसुगुडा पाइपलाइनसाठी समृद्धी महामार्गालगतची वाट निवडली गेली. अशी पाइपलाइन शेतातून जाते तेव्हा १९६२ च्या कायद्याप्रमाणे जमीन शेतकऱ्याचीच राहते. पण त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. पीक मात्र घेता येते. म्हणजे वाहिनीच्या माथ्यावर वर्षभर कोणीतरी वावरत असतेच, आणि त्याची मुले आपल्याच शाळांत असतात.

वायू 'दिसतो' म्हणजे काय?

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. मिथेन रंगहीन आहे, त्याला वासही नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला तो अडवत नाही. मात्र अवरक्त प्रकाशातल्या काही ठरावीक तरंगलांबी तो शोषून घेतो. १.६५, २.३ आणि ३.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे पट्टे त्यासाठी वापरले जातात.

हेलिकॉप्टरमधला लेसर दोन तरंगलांबींचा प्रकाश जमिनीकडे सोडतो. एक मिथेन शोषतो अशी, दुसरी तिच्या अगदी जवळची पण मिथेन शोषत नाही अशी. जमिनीवरून परावर्तित होऊन दोन्ही परत येतात. ढेकळे, गवत, डांबर यांमुळे प्रकाश कमी होतो तो दोन्हींचा जवळजवळ सारखाच. मग पहिली दुसरीपेक्षा जितकी जास्त मंदावली, तितका मिथेन वाटेत होता. जर्मनीत या तत्त्वावरची हेलिकॉप्टर-यंत्रणा गॅसवाहिन्यांच्या तपासणीसाठी प्रत्यक्ष वापरात आली आहे. काही उपकरणे स्वतःचा लेसर न वापरता परावर्तित सूर्यप्रकाशच तपासतात. ती रात्री किंवा ढगांवरून काम करू शकत नाहीत.

हिंगोली जिल्ह्यातल्या शिक्षकांनी येथे एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. तिच्या उभारणीला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिच्यामुळे 'लेसर' हा शब्द मुलांच्या कानावर असतो. तिथे लेसरने लांबीतला अतिसूक्ष्म बदल मोजायचा आहे. येथे लेसरचा किती प्रकाश वाटेत गिळला गेला, ते मोजायचे आहे. साधन एक, प्रश्न निराळे.

तेव्हा लालपिवळा ढग हा फोटो नव्हे. तो आकडेमोडीतून तयार केलेला नकाशा असतो आणि त्यातले रंग माणसाने ठरवलेले असतात. कोणत्या आकड्याच्या वर रंग भरायचा, हेही माणसानेच ठरवलेले असते. त्या आकड्याखालचे सगळे 'स्वच्छ' दिसते. आमच्या टीकेचे मूळ येथेच आहे.

वारंगा फाट्यावरचे गणित

हे नीट उमगण्यासाठी एक हिशेब करू. अकोला-हिंगोलीकडून नांदेडला जाणारा आणि नांदेडकडून यवतमाळ-नागपूरला जाणारा असे दोन महामार्ग वारंगा फाट्यावर भेटतात. फाट्यालगतच्या एखाद्या शेताखालून गॅसची पाइपलाइन गेली आहे, अशी कल्पना करू. तिला बारीक छिद्र पडले आहे आणि जमिनीलगत एक मीटर जाडीच्या थरात सरासरी १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, इतका जादा मिथेन पसरला आहे.

मुळात हवेत मिथेन सगळीकडेच सुमारे २ पीपीएम असतो. हेलिकॉप्टर १०० मीटर उंचीवर असेल तर किरण खाली १०० आणि वर १०० असे २०० मीटर अंतर कापतो. २ पीपीएम गुणिले २०० मीटर म्हणजे ४०० पीपीएम-मीटर, ही नेहमीची पार्श्वभूमी झाली. गळतीच्या थरातून किरण दोनदा जातो. त्याची भर २०० पीपीएम-मीटर. ४०० च्या जागी ६०० आले. हा फरक कोणतेही बरे उपकरण सांगेल.

आता विमान १,००० मीटरवर न्या. पार्श्वभूमी ४,००० झाली, गळतीची भर मात्र २०० च राहिली. फरक पाच टक्क्यांवर आला. उपग्रहावरून पाहायचे तर सगळे वातावरण ओलांडावे लागते. ते जमिनीलगतच्या घनतेने सुमारे आठ किलोमीटर जाडीचे धरले, तर जाऊनयेऊन पार्श्वभूमी ३२,००० होते आणि फरक एका टक्क्याच्याही खाली जातो. शिवाय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या २५ किंवा ६० मीटर बाजूच्या चौकोनाएवढा, कधी कित्येक किलोमीटरचाही असतो. २५ मीटर बाजूच्या चौकोनाचे क्षेत्रफळ ६२५ चौरस मीटर. गळतीचा ढग त्यातल्या पाचच चौरस मीटरवर असेल, तर आधीच क्षीण झालेला फरक आणखी १२५ पटींनी पातळ होतो.

हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक उंचीला आणि प्रत्येक उपकरणाला आपापला उंबरठा असतो. त्याहून लहान गळती त्याला दिसत नाही, आणि हा उंबरठा न सांगता 'आकाशातून गळती कळते' असे म्हणणे म्हणजे वजनाच्या काट्याचे माप न सांगता सोने तोलण्यासारखे आहे.

दुसरी अडचणही फाट्यावरच समजते. पाइपलाइन नसतीच, तरी येथे मिथेन सापडला असता. गोठ्यातल्या गाईम्हशी रवंथ करताना तो सोडतात. गोबरगॅसच्या टाकीतून, हॉटेलांमागच्या तुंबलेल्या गटारातून, कचऱ्याच्या ढिगातून तो येतो. म्हणून काही ठिकाणी मिथेनबरोबर इथेनही मोजतात. नैसर्गिक वायूत इथेन सहसा असतो, शेणाच्या वायूत जवळजवळ नसतो. 'मिथेन सापडला' आणि 'पाइपलाइन गळते' यांच्यात एवढी पायरी आहे. चित्रफितींत ती गाळलेली असते.

मोठी गळती आणि धोक्याची गळती

या तंत्राने मिळवलेले यश प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेत चार राज्यांच्या सीमा जिथे मिळतात, त्या भागावर एप्रिल २०१५ मध्ये नासाच्या उपकरणांसह विमाने फिरली. त्यांना मिथेनची २५० हून अधिक उगमस्थाने सापडली. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दहा टक्के जागा एकूण उत्सर्जनाच्या जवळजवळ निम्म्या भागाला जबाबदार होत्या. त्या मोहिमेतले एक मुख्य उपकरण पुढे इस्रोच्या विमानातून भारतावरही उडवले गेले, मात्र पिके, खनिजे, जंगले अशा निराळ्या अभ्यासांसाठी.

महाराष्ट्रातले उदाहरण पाइपलाइनचे नाही, कचऱ्याचे आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांच्या मोजणीवरून मुंबईच्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन बाहेर पडतो, असा अंदाज दिला गेला. जमिनीवर फिरून हा आकडा काढणे फार कठीण गेले असते. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवणारा वायू आहे, हे लक्षात घेतले तर अशा शोधाचे मोल कळते.

पण या यशांचे स्वरूप पाहा. वातावरण तापण्याच्या दृष्टीने मोठ्या गळत्या महत्त्वाच्या. त्या थोड्या असतात, एकूण उत्सर्जनात त्यांचा वाटा मोठा असतो आणि त्या वरून दिसतात. माणसाच्या जिवाच्या दृष्टीने मात्र गळती किती मोठी आहे यापेक्षा ती कोठे आहे, हे अधिक महत्त्वाचे.

पुन्हा साधे गणित करू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ३६ घनमीटरचे पाच टक्के म्हणजे १.८ घनमीटर. एक घनमीटर मिथेनचे वजन सुमारे ०.६६ किलो धरले, तर हा वायू फक्त १.२ किलो भरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तासाला एक किलो गळती जमिनीतल्या भेगेतून बंद खोलीत शिरत राहिली, तर सव्वा तासात खोली धोक्याची होते. आता उंबरठे पाहा. वर सांगितलेल्या अमेरिकी मोहिमेत विमानातून दिसलेल्या सर्वांत लहान गळत्या तासाला सुमारे दोन किलोच्या होत्या. गळतीची नेमकी जागा दाखवू शकणाऱ्या उपग्रहांना साधारण १०० किलोच्या आसपासची गळती लागते. खोली उडवू शकणारी गळती त्यांच्या हिशेबात 'नाही'च.

कमी उंचीवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरचा लेसर याहून पुष्कळ लहान गळती पकडतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याचा किरण जमिनीवर अरुंद पट्टाच पाहतो, आणि दोन उड्डाणांच्या मधल्या दिवसांत काय घडले ते त्याला माहीत नसते. आपल्याकडच्या काळ्या मातीचाही विचार हवा. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि वायू छिद्राच्या बरोबर वर न येता भेगेच्या वाटेने दुसरीकडे निघू शकतो. पावसाळ्यात ओली माती वरचे तोंड जणू लिंपून टाकते. मग वायू आडवा सरकतो आणि एखाद्या घराच्या पायाशी किंवा विहिरीत येऊ शकतो. वाटेत मातीतले काही जिवाणू मिथेन खातात, म्हणजे वर पोचतो तो आणखी कमी. यांतले काहीच चित्रफितीत नसते.

भारतात गॅसवाहिन्यांवर उपग्रहाची नजर आहे, असेही लिहिले जाते. 'भुवन-गेल' ही व्यवस्था इस्रोच्या मदतीने उभी राहिली, हे खरे. पण ती उपग्रहाच्या चित्रांवरून पाइपलाइनच्या पट्ट्यातली अतिक्रमणे, बांधकामे आणि खोदकामे टिपण्यासाठी आहे. हे काम मोलाचे आहे, कारण पाइपलाइनला इजा होण्याचे एक मोठे कारण म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी खोदकाम. पण अतिक्रमण दिसणे वेगळे आणि वायू दिसणे वेगळे. दोन्ही एका वाक्यात कोंबले की वाचकाची दिशाभूल होते.

नाक, पाय आणि कान

२७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्र प्रदेशातल्या नगरम गावी गेलच्या पाइपलाइनमधून गळलेल्या वायूने पेट घेतला आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गळतीविषयी आपण आधी तक्रार केली होती, असे ग्रामस्थांनी सांगितल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. तक्रारींचा तपशील काहीही असो, या घटनेतून एक धडा घेता येतो. वायूची चाहूल सर्वांत आधी लागते ती तिथे राहणाऱ्याला. त्याचे म्हणणे नोंदवून घेणारी आणि त्यावर हलणारी व्यवस्था नसेल, तर आकाशातले डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी पुरे पडत नाहीत.

माणसाच्या नाकालाही मर्यादा आहेत, त्या शिक्षकांनी सांगाव्यात. शहरात घरोघरी पोचणाऱ्या गॅसला उग्र वास असतो, कारण शहराच्या वेशीवरच्या केंद्रात त्यात गंधकयुक्त मर्केप्टन मिसळतात. लांब पल्ल्याच्या वाहिन्यांतल्या गॅसला सहसा हा वास दिलेला नसतो. म्हणजे शेतातल्या गळतीची सूचना नाकाला मिळेलच, असे नाही. उलट १९ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईच्या अनेक उपनगरांत गॅसचा वास आल्याच्या तक्रारी झाल्या. महानगर गॅस कंपनीने आपले जाळे तपासून गळती सापडली नसल्याचे सांगितले. नाक फार तीक्ष्ण असते, पण वास कोठून आला हे ते सांगू शकत नाही.

म्हणून हवाई तपासणी, पाइपलाइनवरून पायी फिरणारा माणूस, वाहिनीतला दाब मोजणारी यंत्रे आणि शेजारचा शेतकरी हे चारही एकमेकांना पूरक आहेत. एक आले म्हणून दुसरा कमी करावा, असे नाही. हवाई तंत्राची भलावण जेव्हा पायी फिरणाऱ्या माणसाचा खर्च वाचवण्यासाठी केली जाते, तेव्हा तिच्याकडे संशयानेच पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

वर्गात काय करावे?

अशा उपकरणांची खरी परीक्षा अंध चाचणीत होते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तशा चाचण्या घेतल्या आहेत. ते ठरावीक प्रमाणात वायू सोडतात. विमानातल्या मंडळींना केव्हा आणि किती सोडला हे सांगत नाहीत. आणि नंतर दोन्ही नोंदी ताडून पाहतात. हा प्रयोग वर्गात सहज होतो.

दहा सारख्या काडेपेट्या घ्या. त्यांना टाचणीने सारखीच भोके पाडा. तीन पेट्यांत कापराची वडी ठेवा, बाकीच्या रिकाम्या ठेवा. कोणत्या पेटीत कापूर आहे, ते एकाच मुलाला माहीत असावे आणि त्याने वर्गाबाहेर थांबावे. इतरांनी आधी वीतभर अंतरावरून, मग हातभर अंतरावरून वास घेऊन आपले मत लिहावे. तिसऱ्या वेळी पंखा लावावा. शेवटी चार रकाने करा : होता आणि ओळखला, होता पण सुटला, नव्हता पण 'आहे' म्हटले, नव्हता आणि 'नाही' म्हटले. अंतर वाढले की दुसरा रकाना कसा फुगतो आणि पंखा लावला की तिसऱ्यात कशी भर पडते, ते मुले स्वतः पाहतील. विमानातली मंडळीही गळतीचा वेग काढताना वाऱ्याचा वेग गृहीत धरतात. वाऱ्याचा अंदाज दुप्पट चुकला तर गळतीचा आकडाही दुप्पट चुकतो, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

यानंतर हवाई तपासणीविषयीची कोणतीही बातमी वर्गात वाचा आणि मुलांना चारच गोष्टी शोधायला सांगा. उपकरणाला दिसणारी सर्वांत लहान गळती किती? उड्डाण कोणत्या दिवशी झाले आणि वारा किती होता? सापडलेल्या जागा जमिनीवर जाऊन तपासल्या का? तपासून दुरुस्त केल्या का? यांतली एकदोन उत्तरे जरी बातमीत मिळाली, तरी ती बातमी बरी म्हणायची.

ज्यांच्या शाळेजवळून पाइपलाइन जाते, त्यांनी आणखी थोडे सांगावे. पाइपलाइनच्या माथ्यावर पिकाचा एखादा पट्टा विनाकारण पिवळा पडला, साचलेल्या पाण्यातून सतत बुडबुडे येऊ लागले, जमिनीतून फुसफुस आवाज आला किंवा धूळ आपोआप उडू लागली, तर ते गळतीचे लक्षण असू शकते. अशा वेळी तिथे विडी-काडी पेटवू नये, मोटारपंप चालू किंवा बंद करू नये, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला दूर जावे आणि पाइपलाइनच्या खुणेच्या खांबावर लिहिलेल्या क्रमांकावर लांबून कळवावे. कळवल्याची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. हेलिकॉप्टर येईल तेव्हा येईल. ही नोंद मात्र सातवीतला मुलगा किंवा मुलगी आजही करू शकेल.